पान १९५

आमच्या पुस्तकात पान १९५ नाही. म्हणजे घरात आहे, पुस्तकात नाही. लाईट बिलांच्या फाईलमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं 'प्लेअर्स हँडबुक', २०१४ ची आवृत्ती, तिचं हे पान. समोरच्याला झोंबून धरून कसं ठेवायचं, त्याचा नियम त्या पानावर आहे. बाकीची सगळी पानं जागच्या जागी आहेत आणि नेमकं तेच सुटलं, यात नवल काही नाही. सगळी भांडणं त्याच पानावर झाली.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. आमच्याकडे ती मी. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि काही जोखमीचं करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. फासा आला की नियम आला, नियम आला की वाद आला. बोर्ड नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. खेळाचा सगळा डोलारा नियमांच्या पुस्तकावर उभा असतो.

आम्ही राहतो नाशिकरोडला, जेलरोडवर. २०१७ साली हे पुस्तक साडेतीन हजाराच्या आसपास पडलं. नवरा म्हणाला, एवढ्यात मिक्सर आला असता. पुढे तोच आमचा क्लेरिक, म्हणजे खेळातला जखमा भरणारा पुजारी झाला आणि मिक्सर राहिला तो राहिलाच. सहा जणांत मिळून एक पुस्तक. दर रविवारी दुपारी ते टेबलाच्या मधोमध असायचं आणि त्याच्या भोवती मिसळीच्या प्लेटा. दोन-तीन महिन्यांत ते आम्हाला पाठ झालं. मजकूर नव्हे, जागा. लढाई १८९ पासून, पकडापकडी १९५, आगगोळा २४१, आणि कुणी घाबरला, आंधळा झाला, आडवा पडला तर काय होतं ते मागे २९० वर. मागच्या सूचीचे अक्षर इतके बारीक की अण्णांचं भिंग घ्यावं लागायचं, आणि शब्द सापडला तरी ती 'अमुक पाहा' म्हणून भलतीकडेच धाडायची. त्यापेक्षा २४१ वर तर्रीचा डाग होता, तो आम्हाला लवकर सापडायचा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले. आमच्या भागात नुसतं 'प्रेस' म्हटलं तरी कळतं. नोकरी संपली, पण कागद हातात आला की आधी तो उजेडासमोर धरायची सवय काही सुटली नाही. आमचा खेळ चालू असताना ते कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. खेळात त्यांना काडीचा रस नव्हता. पुस्तक मात्र कुणी उघडंच पालथं टाकलं की तिकडून आवाज यायचा, "अगं, पाठ मोडेल त्याची."

मोडलीच. तो दोष पुस्तकाचा नव्हे, आमचा.

मग मार्च २०२० आला आणि टेबलच उठलं. आम्ही रोल२० वर गेलो. नकाशा, फासे, पात्रांचे कागद सगळं तिथं ब्राउझरमध्ये चालतं. पुस्तक माझ्याकडे, खेळणारे पाच जण पाच घरांत. त्यामुळे ज्याला जे मिळेल ते त्यानं धरलं. हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं २०१४ पासून 'बेसिक रूल्स' नावाची पीडीएफ फुकट ठेवलेली होती. पात्रांचे चार वर्ग (म्हणजे पेशे), चार वंश, एवढ्यावर खेळ सुरू करता येतो. ती सगळ्यांना पाठवली. आमच्या खेळातल्या ठगाला (तो सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे) कुणीतरी पेन ड्राईव्हवर अख्ख्या पुस्तकाचं स्कॅन दिलं होतं. ते चोरीचं होतं आणि वर वाकडंही, शिवाय त्यात शब्द शोधता येत नव्हता. मी ते वापरू दिलं नाही असं सांगायला आवडलं असतं.

डिजिटलनं मला काय दिलं ते आधी कबूल करते, नाहीतर हे छापील पुस्तकासाठी गळा काढणं वाटेल. मी अकाउंट्समध्ये काम करते, चाळिशी उलटली आहे आणि रात्री दहानंतर मला बारीक टाईप दिसत नाही. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं. शब्द टाकला की पान समोर. राक्षसांची आकडेवारी एका खिडकीत, नकाशा दुसऱ्या. रविवारच्या तयारीला तीन तास लागायचे, तिथं सव्वा तास लागायला लागला. ड्राइव्हथ्रूआरपीजीवरून मी छोट्या छोट्या साहसकथांच्या पीडीएफ विकत घेतल्या. तिथल्या बऱ्याचशा फायलींत प्रत्येक पानाच्या तळाशी विकत घेणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर नंबर उमटलेला असतो. फाईल कुणी वाटली तर कुणाच्या घरची ते कळावं म्हणून. लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात ना, अगदी तसं. मला ते आवडलं.

फोनवर मात्र पीडीएफ वाचणं हा छळ आहे. ही पानं अमेरिकेतल्या लेटर आकाराची, दोन रकान्यांची. पहिला रकाना मोठा करून खाली यायचं, मग उजवीकडे वर जायचं, परत खाली यायचं. एक नियम वाचायला विहिरीतून चार घागरी शेंदल्यासारखं होतं.

पुढे सगळे परत टेबलावर आले. कॉलेज रोडवरून येणारा आमचा विझार्ड, म्हणजे खेळातला जादूगार (तो खरोखरच कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो) सिटीलिंकच्या बसनं यायला लागला. मिसळ परत आली, पुस्तक परत मध्ये ठेवलं गेलं. पण फोन खिशात गेले नाहीत. आधी माझ्या लक्षात आलं नाही. पुस्तक होतं तेव्हा वाद झाला की कुणीतरी ते ओढायचं, पान काढायचं, पुस्तक फिरवून समोरच्यापुढे सरकवायचं आणि ओळीवर बोट ठेवायचं. सहा डोकी त्या बोटावर वाकायची. आता वाद झाला की सहा डोकी खाली जायची, पण आपापल्या मांडीकडे. कुणी फोन पुढे केला तर तो घेऊन वाचेपर्यंत स्क्रीन काळी. मग परत अंगठा.

खरं बिनसलं ते २०२४ च्या शेवटी. त्या वर्षी प्लेअर्स हँडबुकची सुधारून काढलेली नवी आवृत्ती आली. आमच्यातल्या कुणी ती घेतली नव्हती. तरी ती आमच्या टेबलावर शिरली.

झालं असं. आमच्या बार्बेरियनबाईंनी (डेंटलला शेवटच्या वर्षाला होती तेव्हा) गॉब्लिनांच्या सरदाराला धरलं. मी म्हटलं, फासा टाक, तो पण टाकेल, दोघांच्या ताकदीची तुलना. विझार्ड म्हणाला, "नाही, तुलना नाहीये. त्यानं सेव्ह मारायचा. हे बघा, लिहिलंय." (सेव्ह म्हणजे वाचण्यासाठी एकट्यानं टाकायचा फासा.) लिहिलं होतंच. ठगानं शोधलं तर त्याला तुलनेचा नियम मिळाला. तोही लिहिलेला होता. क्लेरिकमहाशयांना कुणा उत्साही माणसानं घरी बनवलेला तिसराच नियम सापडला, सुंदर चौकटीत मांडलेला, खऱ्याहून खरा दिसणारा. २०१४ च्या नियमात दोघं फासे टाकतात. २०२४ च्या नियमात धरणाऱ्यानं हात घातला की धरला जाणारा ताकदीवर किंवा चपळाईवर सेव्ह मारतो. नाव दोन्हीकडे एकच. वर आणखी एक गंमत: २०१४ मध्ये धरलेल्याची नुसती चाल शून्य होते, २०२४ मध्ये, ज्यानं धरलंय त्याला सोडून दुसऱ्या कुणावर वार केला तर त्याला दोन फाशांतला कमी आकडा घ्यावा लागतो. सर्चमध्ये शब्द टाकला की दोन्ही एकाखाली एक येतात, आणि वरचं कुठल्या सालचं आहे ते घाईत कोण बघतो?

वीस मिनिटं गेली. सरदार तसाच बार्बेरियनच्या काखेत. शेवटी मी उठून पुस्तक आणायला गेले आणि पान १९५ नव्हतं. ते अडीच महिन्यांनी सोफ्याच्या मागे मिळालं.

खरं तर त्या दिवशीच मला आठवायला हवं होतं, कारण त्याच ऑगस्टमध्ये बातमी वाचली होती. डी अँड डी बियॉन्ड या खेळाच्या अधिकृत साईटवर लोकांची पात्रं साठवलेली असतात. तिथल्या पात्रपत्रिकांत जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू काढून त्यांच्या जागी २०२४ च्या येणार, असं जाहीर झालं. लोक खवळले आणि थोड्याच दिवसांत तो बेत मागे घेतला गेला. त्याआधी २००९ च्या एप्रिलमध्ये विझार्ड्स कंपनीनं चाचेगिरीचं कारण देऊन आपल्या सगळ्याच पीडीएफ विक्रीतून काढून घेतल्या होत्या. त्या २०१३ मध्ये परत आल्या. कपाटातलं पुस्तक असं काही करत नाही. त्याला फार तर वाळवी लागते.

मग ठरवलं की आपलं पुस्तक आपणच करायचं. मराठीत.

हे करता येतं याचं कारण कायद्यातलं आहे आणि हिशेबातल्या माणसाला ते फार आवडतं. २००० सालापासून या खेळाच्या नियमांचा गाभा 'ओपन गेम लायसन्स'खाली इतरांना वापरता येत होता. जानेवारी २०२३ मध्ये ते लायसन्स बदलायचा मसुदा फुटला, जगभर बोंब झाली, आणि २७ जानेवारीला कंपनीनं नियमांचा गाभाच, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकला. श्रेय द्या; मग भाषांतर करा, छापा, हवं तर विका. आणि एकदा दिलेलं हे परत काढून घेता येत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या नियमांचा गाभा, एसआरडी ५.२, तोही तसाच मोकळा झाला. त्यात सगळं नाही. अनेक डोळ्यांचा तो तरंगता गोळा, बिहोल्डर, कंपनीनं स्वतःकडे ठेवलाय. प्रत्येक वर्गाची एकेकच उपशाखा आहे. आम्हाला तेवढं पुष्कळ होतं.

२०२५ चा अख्खा पावसाळा यात गेला. पहिले दोन रविवार नुसतं मतदान. पकडापकडी जुनी की नवी? जुनी, चार विरुद्ध दोन. जखमा भरायचा मंत्र? जुन्यात एक अष्टफासा, नव्यात दोन. क्लेरिकनं सगळ्यांना कुल्फी खाऊ घातली आणि नवा नियम एकमतानं मंजूर झाला. मूळ चारशे पानांतून आमच्या टेबलावर खरोखर लागतं ते काढलं तर अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका होत होती.

भाषांतराचं काम वाटून घेतलं आणि तिथं खरी मजा आली. एसआरडीतून मजकूर उचलून चिकटवला की दोन रकाने एकमेकांत मिसळून अर्धी ओळ मंत्राची, अर्धी तलवारीची यायची, तेव्हा सरळ वाचून लिहिणंच बरं. 'ग्रॅपल'ला विझार्डनं 'आलिंगन' सुचवलं, तो दिवसभर खाली मान घालून बसला. 'पकड' ठरलं, कुस्तीतली. पळून जाणाऱ्यावर जो फुकटचा वार मिळतो त्याला 'जाता-जाता वार'. 'रिस्ट्रेन्ड'ला 'जखडलेला'. हा शब्द आला आणि एक जुना गोंधळ आपोआप मिटला, कारण 'पकडलेला' आणि 'जखडलेला' यात किती फरक आहे ते मराठी कानाला सांगावं लागत नाही. पकडलेला जागचा हलू शकत नाही, एवढंच. जखडलेल्यावर वार करणं सोपं, त्याचे वार कच्चे, आणि चपळाईनं वाचायची वेळ आली तरी तो मागे. इंग्रजीत वाचताना आठ वर्षं आम्ही हे दोन एकच समजत होतो. 'अॅडव्हान्टेज'ला मात्र काही सापडेना. 'वरचढ', 'सरशी', 'माप झुकतं', सगळं करून पाहिलं. बार्बेरियन म्हणाली, "ताई, टेनिसमध्ये चालतं ना, मग राहू द्या." राहिलं. सेव्हही सेव्हच राहिला. तोंडात बसलेलं हलवण्यात अर्थ नव्हता.

छपाई दिवाळीच्या सुट्टीत. तोवर याला सगळे 'दिवाळी अंक'च म्हणायला लागले होते.

बिटकोजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे मी आधी वर्डची फाईल नेली. त्याच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. स्क्रीनवर 'शक्ती' मोडून पडली होती आणि प्रत्येक 'वार्ता'तला रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. घरी येऊन पीडीएफ केली, फॉन्ट तिच्या आतच बसवून. जिच्याविरुद्ध वर एवढं बोलले, तिनंच अब्रू राखली.

मग पानांची मांडणी. ए४ कागद मधोमध दुमडून पुस्तिका करायची तर पानं ओळीनं छापून चालत नाही. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला ४८ आणि १, मागे २ आणि ४७. सगळ्यात आतल्यावर २४ आणि २५. मला हे जुळवता येईना तेव्हा कोपऱ्यातला पेपर खाली आला. अण्णा म्हणाले, "एका बाजूच्या दोन पानांची बेरीज कर." केली. ४९. दुसरी, ४९. बारा कागद, चोवीस बाजू, प्रत्येक बेरीज ४९. "नाही आली तर तो कागद चुकला. बास." चाळीस वर्षं जमा-नावे जुळवणाऱ्या माझ्या वडिलांनाही हे आवडलं असतं.

पहिली प्रत आली ती निम्मी उलटी. छापताना कागद आखूड कडेवर पलटायला हवा होता, तो लांब कडेवर पलटला होता. म्हणून १ सरळ, २ डोक्यावर. दुसरी प्रत सरळ आली. ती मी मोठ्या आनंदानं अण्णांच्या हातात दिली. त्यांनी मजकूर वाचलाच नाही. मधली घडी बोटानं दाबली, सोडली. पुस्तिका हळूच उघडून उभी राहिली.

"कागदाला उभं-आडवं असतं, कापडासारखं," ते म्हणाले. वाया गेलेल्या प्रतीतला एक कागद घेऊन त्यांनी उभी पट्टी फाडली. ती सरळ फाटली. आडवी फाडायला गेले तर ती वेडीवाकडी, दातेरी. "बघ. तंतू असे उभे आहेत, आणि तू घडी घालत्येस आडवी, तंतू मोडून. ही मिटायची नाही. चार महिन्यांत पिनेपाशी फाटणार, तुमच्या त्या पानासारखी."

मला वाटलं, चालवून घेऊ. पण नोटा तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याच्यापुढे 'चालवून घेऊ' म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शालिमारच्या बाजूला जाऊन मोठे ताव घेऊन आले आणि तंतू घडीला समांतर येतील असे कापून आणले. झेरॉक्सवाला बाहेरचा कागद मशीनमध्ये घालायला तयार नव्हता. अण्णा त्याच्याशी काय बोलले ते मला माहीत नाही, पण त्यानं घातला. सहा प्रती, बहात्तर कागद, वर जाड कव्हर. बाहेर येणारा प्रत्येक कागद अण्णांनी मोजला, खराब निघालेले पाचही. प्रेसमध्ये खराब कागदाचाही हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे ते पाच घरी आले. एकूण खर्च सातशे चाळीस रुपये, पावतीसकट.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ पहिल्यांदा काढला तोही एका खोक्यातल्या तीन पातळ पुस्तिकांत, पहिल्या खेपेला एक हजार. घरीच बसून खोकी भरली होती म्हणतात. हे मी टेबलावर सांगितलं तेव्हा ठग म्हणाला, "त्यांच्याकडे अण्णा नव्हते."

पहिला रविवार. प्रत्येकापुढे तीच पुस्तिका, तीच पानं. शेवटच्या पानावर इंग्रजी मूळ मजकुराचं श्रेय, परवान्यात सांगितलंय तसं. एक नियम मी खेळाआधी जाहीर केला: टेबलावर फोन नाही, यात छापलंय तेच खरं. सगळ्यांनी मान डोलावली. दीड तास सुरेख गेला. एक वाद झाला, पान अकरा, सहा जणांनी एकदम अकरा काढलं, एका मिनिटात मिटला.

मग विझार्ड गढीच्या तटावर उभा राहिला. समोर शत्रूची छावणी. आगगोळा टाकतो म्हणाला, आणि वाचायला लागला. "पल्ला दीडशे फूट. आठ षट्फासे. त्रिज्या..." तो थांबला. चष्मा वर केला. "त्रिज्या एकशेवीस फूट."

मूळ नियमात वीस. ते पान मी टाईप केलं होतं, रात्री दोन वाजता.

ठग त्याच छावणीत एका तंबूमागे लपलेला होता. त्यानं आधी त्याचं पान बघितलं, मग शेजारच्याचं, मग माझ्याकडे. पण छापलंय तेच खरं, हे माझेच शब्द. गोळा पडला. छावणी गेली, घोडे गेले, जे कैदी सोडवायला आम्ही तीन महिने चाललो होतो ते गेले. ठगानं सेव्ह मारला आणि त्याच्या अंगच्या चपळाईनं तो केसही न जळता वाचला. वर टेबलावर उभा राहून नाचला.

"आमच्याकडे अशी चूक झाली असती ना," कोपऱ्यातून आवाज आला, "तर अख्खी रिम भट्टीत घातली असती. पेन आण."

लाल पेन फिरलं. पान एकतीस, खालून चौथी ओळ, १२० मधला १ खोडा. पाच प्रतींत खोडला. विझार्डनं आपली पुस्तिका मिटून शबनममध्ये घातली आणि म्हणाला, बसची वेळ झाली.